भरलेलं पिंप, कललेली नळी

हा प्रवास लिहायचा तर आधी एका टेबलाबद्दल लिहावं लागेल, आणि त्या टेबलाबद्दल बोलायचं मी इतकी वर्षं टाळत आलो आहे. बायको होती तोवर तिलाही सांगितलं नाही. पुण्याला मुलीकडे राहायला आल्यावर सकाळच्या फिरण्यातले चार मित्र झाले. म्हातारी माणसं एकमेकांना सांगतात ते सगळं, म्हणजे गुडघे, जावई, रक्तातली साखर, सांगून झालं. टेबल तेवढं राहिलं. आता सत्तरी ओलांडून बराच पुढे आलोय. त्यात मागच्या डिसेंबरात असा काही प्रवास घडला की सांगितल्यावाचून राहवत नाही. त्यातला बराचसा भाग आनंदाचा आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

सुरुवात फोनने झाली. नंबर अनोळखी होता, आवाज मात्र पहिल्याच शब्दाला ओळखला.

"दिगंबरराव, वळखलं का? अप्पा बोलून राहिलो. नांदेडहून."

बसवराज अप्पा मूळचे उदगीरचे. तरुणपणी आम्ही दोघांनी मिळून लातूरला रक्त-लघवी तपासायची लॅब काढली होती. लोक तिला 'रक्ताचं दुकान' म्हणायचे. अप्पा ते दुकान सोडून गेले त्यानंतर आमचं बोलणं नव्हतं. माझा नंबर त्यांना कुठल्याशा लग्नात माझ्या भाच्याकडून मिळाला होता. ख्यालीखुशाली एका दमात आटोपून अप्पा मुद्द्यावर आले.

"आमच्या कॉलेजात मशीन आलंय. पेशी कशा गोळा होतात ते उजेडानं मोजतंय. तास लागत न्हाई, नळी लागत न्हाई. तुम्ही बघितल्याबिगर मला चैन पडंना. अमावस्येच्या आदल्या दिवशी ते बघा, आन् दुसऱ्या दिवशी येळवस हाय. आमच्या रानात जेवायला या. न्हाई म्हणायचं न्हाई."

मी हो म्हणालो. मशीनसाठी की अप्पांसाठी, ते त्या वेळी सांगता आलं नसतं.

लातूर

रात्रीच्या गाडीने निघून सकाळी लातूरला उतरलो. मुलीने सोबत तीन डबे बाकरवडी दिली होती. मराठवाड्यात पाहुणचाराला जाताना खायचं काही घेऊन जाणं म्हणजे विहिरीवर भरलेला तांब्या घेऊन जाण्यासारखं आहे, पण पुण्याच्या माणसाला हे पटवून कोण देणार?

स्टँडजवळच्या हॉटेलात सुशीला मागवली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, हा भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला नाश्ता. वर डाळव्याची भुकटी आणि लिंबू. पुण्यात मी पोह्यांशी जमवून घेतलं आहे, पण पहिल्या घासाला कळलं की ते नुसतं जमवून घेणंच होतं. मालकाला तसं म्हणालो तर तो म्हणाला, "मंग कशाला गेलाव तिकडं?" मी आणखी एक प्लेट मागवली.

तिथून आमच्या जुन्या दुकानापाशी गेलो. आता तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात. खाली शहाबादी फरशी होती, तिच्यावर चकचकीत टाइल्स बसल्या आहेत. मी खाली बघत उभा राहिलो, तसा काउंटरवरच्या पोराने विचारलं, "काका, काय पडलं का?"

"हो," म्हणालो, "पण लई वर्षं झाली."

काय पडलं होतं ते आता सांगतो.

रक्तातल्या तांबड्या पेशी चपट्या असतात. रक्त शांत ठेवलं की त्या एकमेकींना चिकटतात. पाठीला पोट लावून, भाकरीची चवड रचावी तशा. शरीरात कुठे सूज असेल, जुना ताप मुरलेला असेल, तर चवडी लवकर होतात आणि मोठ्या होतात. मोठी चवड जड, म्हणून ती भराभर खाली बसते. रक्त गोठू नये म्हणून त्यात औषध घालायचं, ते एका लांब बारीक काचेच्या नळीत भरायचं, नळी स्टँडला उभी करायची आणि तासाभराने बघायचं: तांबडं किती खाली गेलं, वर पिवळसर पाणी किती उरलं. ईएसआर म्हणतात ती तपासणी एवढीच. तिचा हट्ट एकच, नळी ओळंब्यात उभी हवी. थोडी जरी कलली तरी पेशी खालच्या बाजूच्या काचेवर टेकतात आणि घसरगुंडीवरून पोरं यावीत तशा सुळकन खाली येतात. मग धडधाकट माणूस कागदावर आजारी दिसतो. हे आम्हा दोघांना शिकवलं होतं, आणि परीक्षेत लिहून आम्ही त्याचे मार्कही घेतले होते.

आमच्या कामाची वाटणी ठरलेली होती. ईएसआरचं टेबल अप्पांकडे, मायक्रोस्कोप आणि हिशेब माझ्याकडे.

त्या उन्हाळ्यात लातूरला पाण्याची फार ओढ होती. नळ बऱ्याच दिवसांनी एकदा यायचा आणि आला की सगळं गाव हातातलं काम टाकून भांडी भरायचं. दुकानातली जमीन बादल्या-घागरींनी भरून गेली होती. अप्पा लग्नाला उदगीरला गेले असताना नळ आला. मी मोठं पिंप आणलं आणि खाली जागा नाही म्हणून अप्पांच्या टेबलाच्या एका टोकाला ठेवून गळ्यापर्यंत भरलं. पुढे ते तिथेच राहिलं. टेबल सागवानी, भक्कम. पण त्याचा त्या बाजूचा पाय एका सुट्या फरशीवर होता. पिंप भरलं की फरशी बोटभर दबायची आणि टेबल कलायचं. पाणी वापरून संपत आलं की फरशी पुन्हा वर यायची. डोळ्याला काही दिसायचं नाही. नळीला मात्र कळायचं.

मग व्हायचं असं की लातूरला नळ आला की आमच्या दुकानात लोक आजारी पडायचे. पिंप रिकामं होत जाई तसे बरे होत.

शेवटी आमच्याकडे पेशंट पाठवणारे एक डॉक्टर स्वतः दुकानात आले. कागदांची चळत टेबलावर आपटून म्हणाले, "सगळ्या लातूरला टीबी झालाय, का फक्त तुमच्या गिऱ्हाइकांना?" एका मास्तरांच्या मुलीला नसलेल्या दुखण्याच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. डॉक्टरांनी तिथेच बाही वर केली, स्वतःचं रक्त दिलं. तेच रक्त दुसऱ्या लॅबलाही पाठवलं. दोन्हीकडचा आकडा जुळला, कारण त्या दिवशी पिंपात तळाला तांब्याभर पाणी होतं. म्हणजे सामान ठीक आहे, माणूस चुकतोय, असा डॉक्टरांनी अर्थ काढला.

"वाचतं कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

मी म्हणालो, "ईएसआरचं टेबल अप्पांकडे असतं."

वाक्य खरं होतं. तेच वाक्य ऐकून अप्पांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि त्याच आठवड्यात आपला हिस्सा मोकळा करून ते निघून गेले. पुढच्या खेपेला नळ आला तेव्हा पिंप मीच भरत होतो. भरता भरता सहज स्टँडकडे नजर गेली. मागे खिडकीचे उभे गज होते. गज सरळ होते आणि नळ्या तिरक्या होत्या. मी पिंप उतरवलं, फरशीखाली सिमेंट भरून घेतलं. अप्पांना मात्र निरोप पाठवला नाही. उद्या पाठवू म्हणालो, आणि तो उद्या चालतच राहिला.

नांदेडच्या वाटेवर

नांदेडची बस खच्चून भरली होती. तिसऱ्या दिवशी येळवस असल्याने सगळे आपापल्या गावाकडे निघाले होते. मार्गशीर्षातली ही अमावस्या आपल्याकडे पुण्या-साताऱ्याला कुणाला माहीत नसते. लातूरपासून कंधारपर्यंत मात्र त्या दिवशी गावं ओस पडतात आणि रानं भरतात.

खिडकीबाहेर ज्वारी पोटऱ्यात आलेली, मधे हरभरा, बांधाला तूर. मी खिडकीशी बसून माझं वाक्य घोकत होतो. 'अप्पा, ते पिंप मी ठेवलं होतं. तुमचं काही चुकलं नव्हतं. मला माफ करा.' कधी 'मला माफ करा' आधी यायचं, कधी शेवटी. घोकता घोकता आवाज बाहेर आला असावा. शेजारी मांडीवर कोंबडी घेऊन बसलेल्या बाईंनी विचारलं, "कुणाची माफी मागून राहिले, बाबा?"

मी चपापलो. म्हणालो, "एका मित्राची."

"मंग येळवसेला मागा. त्या दिवशी रानात आलेल्या माणसाला कुणी न्हाई म्हणत न्हाई." मग जरा विचार करून त्या म्हणाल्या, "पैसे बुडवले असतील तर येगळं."

अहमदपूरला बस थांबली तेव्हा मी खाली उतरून चहा प्यायलो. चढलो तर कोंबडी माझ्या जागेवर बसली होती. लोह्यापर्यंत ती उठली नाही.

नांदेड

स्टँडवर अप्पा घ्यायला आले होते. कपाळावर भस्माचे पट्टे तसेच, केस तेवढे गेलेले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "काय हे दिगंबरराव! पुण्यात खायला देत न्हाईत का?" मी बाकरवडीचे डबे पुढे केले. रिक्षात बसता बसता त्यांनी एक उघडला, एक तुकडा तोंडात टाकला, चावला. "गोड हाय की हे. तिखट म्हणून देतेत आन् गोड निघतंय." रिक्षावाल्याने हसून आरसा सरळ केला.

संध्याकाळी गोदावरीच्या घाटावर एक चक्कर झाली आणि रात्री जेवायला तहरी. मसाल्याचा पिवळा भात, त्यात बटाटा आणि वाटाणा, सोबत चिंचेचं खट्टं. शरणाबाई वहिनी वाढत होत्या आणि अप्पा मशीनबद्दल बोलत होते. दोघांपैकी एकही थांबायला तयार नव्हतं. माझ्या वाक्याला जागाच मिळाली नाही. खरं सांगायचं तर मीही ती शोधली नाही, कारण मशीनचं मलाही ऐकायचं होतं.

सकाळी कॉलेजात गेलो. लॅब टेक्निशियनचा कोर्स चालतो तिथे अप्पांनी अनेक वर्षं शिकवलं. निवृत्त झाले तरी जाणं थांबलेलं नाही. सानिया नावाची देगलूरची विद्यार्थिनी मशीनजवळ थांबली होती. मशीन पाहून मी थोडा हिरमुसलो. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, बाजूला लॅपटॉप.

"कोणाचं रक्त घ्यायचं, सर?" सानियाने विचारलं.

"पाहुण्यांचं," अप्पा म्हणाले. "पाहुण्यांना मान."

त्यांनीच सुई घेतली. हात अजून तसाच हलका. टोचलं कधी ते कळलं नाही. पण सिरिंज उजेडासमोर धरून म्हणाले, "लई दाट हाय बे. रक्त हाय का काकवी?"

"सत्तरी तुमचीही झालीय. स्वतःचं बघा काढून."

"माझं बघितलं परवा. तुमच्याहून पातळ. ह्या पोरीला इचारा."

सानिया हसली. तिने रक्त एका पातळ चकतीत भरलं, चकती पेटीत सरकवली आणि मला समजावून सांगू लागली. आधी मशीन रक्त जोरात ढवळतं, म्हणजे सगळ्या चवडी मोडतात आणि पेशी सुट्या होतात. मग एकदम थांबतं. रक्तावर एक किरण सतत सोडलेला असतो. पेशी सुट्या असतात तेव्हा सगळीकडे पसरलेल्या, त्यामुळे किरणाला वाट मिळत नाही. चवडी रचल्या जाऊ लागल्या की मधे मधे फटी पडतात आणि उजेड त्यांतून पलीकडे जातो. जितका भरभर उजेड वाढेल तितक्या भरभर पेशी एकत्र येतायत.

"बाजारासारखं," अप्पा मधेच म्हणाले. "माणसं पांगलेली असली तर रस्ता दिसत न्हाई. टोळकी करून उभी राहिली की मधून वाट होते."

सानियाने बटण दाबलं. बारीक घरघर झाली आणि थांबली. पडद्यावर एक रेघ खाली होती ती उठली, आधी झपकन, मग हळूहळू वळत, डोंगर चढून पठारावर आल्यासारखी. पाणी पिऊन होईस्तोवर संपलं सगळं. मी काय केलं माहीत आहे? टाळ्या वाजवल्या. शेजारच्या खोलीतून दोघं-तिघं डोकावून गेले. मी आयुष्यभर या पेशी खाली बसल्यावर मोजल्या होत्या. म्हणजे वरात निघून गेल्यावर मांडवातल्या पत्रावळी मोजून किती माणसं आली होती ते सांगायचं, तसं ते काम. इथे त्या एकमेकींकडे धावत जाताना दिसत होत्या, आणि त्याही माझ्या अंगातल्या!

"परत करा," मी म्हणालो. तिने परत केलं. मी आणखी एकदा म्हणालो. तिसऱ्यांदा अप्पांनी बटण मला दाबू दिलं.

मग तिने मायक्रोस्कोपखाली थेंब लावला. त्याला आता पडदा जोडलेला असतो, डोळा चोळत बसावं लागत नाही. आणि तिथे त्या होत्या, चवडीच चवडी, वाकड्या, लांब, एकमेकींच्या अंगावर रेललेल्या. "ज्वारीच्या भाकरी," मी म्हणालो. अप्पा म्हणाले, "तुमच्या पुण्याच्या पोळ्या न्हाईत, येवढं नक्की." आम्ही दोघं त्या पडद्याकडे बघत इतके हसलो की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आमच्या दुकानाची पहिली दोन वर्षं अशीच होती. एक मायक्रोस्कोप, दोघांचे डोळे आळीपाळीने, आणि काही मजेशीर दिसलं की 'बघ बघ' म्हणून धक्काबुक्की. हे मी विसरून गेलो होतो. चूक तेवढी लक्षात ठेवली होती.

"आता जुनं पण दाखवतो," अप्पा म्हणाले. कोपऱ्यात ईएसआरचा स्टँड होता. त्यांनी खिशातून एक छोटी वस्तू काढून त्याच्यावर ठेवली. गवंड्यांकडे असते ती पाणसळ, बारकीशी. आतला बुडबुडा हलत हलत मधोमध येऊन थांबला, तेव्हाच त्यांनी नळी भरायला घेतली.

"आजोबा, सरांना सगळे काय म्हणतात सांगू?" सानिया म्हणाली. "पाणसळ सर. आधी पाणसळ, मग रक्त. विसरलं की प्रॅक्टिकलमधून बाहेर. आता मशीनला ती लागत पण नाही, तरी सर त्याच्यावर ठेवूनच बघतात."

"तरुणपणी एकदा हात पोळलेत माझे," अप्पा म्हणाले आणि दुसरी नळी भरू लागले.

त्या नळीतही माझंच रक्त होतं. ती मात्र त्यांनी दुसऱ्या स्टँडला लावली आणि त्या स्टँडच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. हा प्रयोग ते दर वर्षी मुलांना दाखवतात म्हणे. तासभर होता. सानियाने चहा आणला, मुलं जमली, अप्पा त्यांना माझ्याबद्दल सांगत होते, "हे माझे लातूरचे पार्टनर, ह्यांच्याइतका बारीक डोळा मी बघितला न्हाई." मी चहाच्या कपात बघत बसलो.

तास झाला. सरळ नळीत तांबडं थोडं उतरलं होतं, माझ्या वयाला शोभेलसं. तिरक्या नळीत ते कितीतरी खाली गेलं होतं. एकच माणूस, एकच रक्त, एकाच वेळी काढलेलं. एका नळीत बरा, दुसरीत आजारी.

"बघा," अप्पा मुलांना म्हणाले, "माणूस तोच हाय. टेबल खोटं बोललं."

मुलांनी माना डोलावल्या. माझं वाक्य ओठांवर आलं होतं. पण वीस पोरांसमोर कसं बोलायचं? उद्या रानात बोलू, ठरवलं. उद्या तर येळवसच होती.

कंधारजवळचं रान

अप्पांचं रान कंधारच्या अलीकडे, वहिनींच्या माहेरच्या शिवारात आहे. सकाळी जीपमध्ये मी पुढे बसलो आणि माझ्या मांडीवर आंबिलीचं मडकं दिलं गेलं. आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ ताकात शिजवून केलेलं, लसणाचा वास असलेलं पेय. मडकं घोंगडीत गुंडाळलेलं होतं. "सांडलं तर परत जावं लागंल," वहिनींनी बजावलं. प्रत्येक खड्ड्याला मी श्वास धरत होतो. शेवटच्या वळणावर एक खड्डा मोठाच निघाला आणि गार आंबील माझ्या पुण्याच्या पँटीवर सांडली. मी ओशाळलो. वहिनी म्हणाल्या, "चांगलं झालं. रानाच्या आधी पाहुण्यालाच शिंपलं."

ज्वारीत कडब्याची कोप उभी केली होती. तिच्यात चुना लावलेले पाच दगड मांडलेले, ते पांडव. पूजा झाली. मग एकाने आंबिलीचा तांब्या हातात घेतला आणि रानाभोवती ती शिंपडत पळायला लागला. मागून सगळे कानडी वळणाचा काहीतरी पुकारा करत. त्याचा अर्थ विचारला तर कुणालाच सांगता येईना, पण ओरडण्यात कुणी मागे नव्हतं. मीही पळालो. दहा-बारा पावलं असतील, पण पळालो. शेजारच्या रानातून कुणीतरी हाळी दिली, "अप्पा, तुमचे पुण्याचे पाहुणे लई चपळ हायत!" आणि पलीकडच्या रस्त्याने जाणाऱ्या दोन अनोळखी माणसांना तिघाचौघांनी ओढून आणून पंगतीला बसवलं. पुण्यात जेवायला बोलावताना आम्ही आठवडाभर आधी फोन करतो आणि तरी समोरच्याला अवघडल्यासारखं होतं.

जेवणाचं काय सांगू! भज्जी म्हणजे सगळ्या हिरव्या शेंगा-पाल्यांची बेसन लावून केलेली घट्ट भाजी, ज्वारी-बाजरीचे वाफवलेले उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर आणि पुन्हा पुन्हा आंबील. जेवून सगळे कोपीच्या सावलीला आडवे झाले. वहिनी आणि बाया हरभऱ्याचे घाटे तोडायला गेल्या. बांधावर अप्पा आणि मी, दोघंच.

मी घसा साफ केला. म्हणालो, "अप्पा, लातूरचं एक बोलायचंय."

"मलाच बोलायचंय," अप्पा म्हणाले. "आधी मला बोलू द्या. लई वर्षं झाली."

ते ज्वारीकडे बघत बोलू लागले. "नांदेडला आल्यावर एकदा कललेली नळी बघितली आन् डोक्यात उजेड पडला. म्हणलं, अरं, लातूरला असंच झालं आसंल. स्टँड ओळंब्यात हाय का न्हाई, रोज बघायचं काम माझं. मी कधी बघितलंच न्हाई. फुशारकीत होतो. म्हणत होतो, ह्यो डॉक्टर कोण मला शिकवणारा! तुमच्यावर पण राग धरला, की माझं नाव का सांगितलं. तुम्ही खरंच बोलला होता."

मी काहीतरी बोलायला गेलो. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"थांबा. तुम्हाला सांगायला एकदा निघालो होतो. अहमदपूरपर्यंत आलो. तिथं चहा पिला आन् परतीच्या गाडीत बसलो. शरम वाटली. माझ्यामुळं तुमच्या दुकानाचं नाव गेलं. मास्तरच्या त्या पोरीनं गोळ्या खाल्ल्या, ते अजून झोपेत येतंय. दिगंबरराव, माझं चुकलं. माफ करा मला."

आणि त्यांनी हात जोडले. वयाने माझ्याहून दोन वर्षांनी मोठा माणूस, ज्याच्या रानात मी जेवलो होतो, ज्याचे विद्यार्थी माझ्या एका पिंपापायी वर्षानुवर्षं बुडबुडा बघत आले आहेत, त्याने माझ्यासमोर हात जोडले.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण अप्पांचा चेहरा असा मोकळा झाला होता, ओझं उतरवून ठेवलेल्या माणसाचा असतो तसा, आणि ते माझ्याकडे बघत होते, एकाच गोष्टीची वाट बघत. मी त्यांचे हात धरून खाली घेतले आणि म्हणालो, "जाऊ द्या हो अप्पा. झालं गेलं."

म्हणजे मी त्यांना माफ केलं.

अप्पांनी उपरण्याने डोळे पुसले आणि मोठ्याने हाक मारली, "अगं, घाटे भाजायला घ्या! दिगंबररावांना हुळा खायचाय!" आगीत टाकलेले हिरवे घाटे तडतडले. काळ्या हातांनी आम्ही ते सोलून खाल्ले. अप्पा त्या दुपारी इतके बोलले, इतके हसले! नळीचे आणि मशीनचे आकडे शेजारी शेजारी मांडून बघायचे, त्यासाठी तुम्ही दर दोन महिन्यांनी या, रक्त द्या, असा बेतही त्यांनी करून टाकला. मी हो म्हणालो. खरंच जायचं आहे मला. इतक्या वर्षांत मला कुणी 'बघ बघ' म्हणून बोलावलं नव्हतं.

संध्याकाळी कंधारच्या स्टँडवर सोडायला आले. गाडी लागली, मी खिडकीशी बसलो. अप्पांनी खिशातली पाणसळ काढून माझ्या हातात दिली. "ठेवा. माझ्याकडं दुसरी हाय." बुडबुडा गाडीच्या इंजिनाबरोबर थरथरत होता, मधोमध काही येत नव्हता. त्यांनी खिडकीच्या गजांतून माझी बोटं धरली होती. कंडक्टरने घंटी दिली. गाडी हलली तरी ते चार पावलं बरोबर चालले.

मी म्हणालो, "पोचलो की फोन करतो."

म्हणायचं होतं ते हे. अप्पा, ते पिंप मी ठेवलं होतं. तुमचं काही चुकलं नव्हतं. मला माफ करा.